जुन्या दगडी चर्चचा विमा कसा उतरवावा: एका सर्वेयरचे उत्तर

अहिल्यानगर जिल्ह्यातील एका ख्रिस्ती मंडळीच्या सेक्रेटरींनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. शंभर वर्षांहून जुने, काळ्या दगडाचे उपासनामंदिर. शेजारी पाळकनिवास, पत्र्याचा सभागृह-हॉल, बालवाडीच्या दोन खोल्या आणि मिशनच्या काळातील एक वसतिगृह, जे गेली काही वर्षे बंदच आहे. या सगळ्यावर मिळून ७५ लाखांची एकच आगीची पॉलिसी दरवर्षी नूतनीकरण केली जाते. आता नवा एजंट ‘सगळे काही येते’ असे पॅकेज सुचवतो आहे, कमिटीतील निम्मे सभासद म्हणतात की आहे तेच पुरे, आणि वार्षिक सभेपुढे काय ठेवावे हे ठरत नाही.

मी विमा कंपन्यांच्या नेमणुकीवर नुकसानीची पाहणी करणारा सर्वेयर आहे. पॉलिसी विकण्याशी माझा संबंध येत नाही. माझ्या हातात ती येते तेव्हा घटना घडून गेलेली असते. त्यामुळे माझा सल्ला थोडा उलट्या बाजूने सुरू होतो. कोणत्या कंपनीची पॉलिसी घ्यावी हा प्रश्न शेवटी विचारावा. आधी हे पाहावे की दावा दाखल झाला तर तो नेमका कोठे अडेल. धर्मस्थळांच्या दाव्यांत मी जे पाहिले त्यावरून सांगतो, अडचण बहुतेक वेळा तीन जागी निघते: पॉलिसीवरील नाव, विमा रक्कम आणि वास्तूच्या वापराचे वर्णन. पॅकेजमध्ये किती कलमे आहेत हा मुद्दा त्यानंतरचा.

नावापासून सुरुवात करू. आपली पॉलिसी कोणाच्या नावावर आहे ते आजच उघडून पाहावे. पुष्कळ ठिकाणी ती ‘सेक्रेटरी, अमुक चर्च’ किंवा त्या वेळच्या पाळकसाहेबांच्या नावावर निघालेली असते, आणि मालमत्ता मात्र महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या एखाद्या मध्यवर्ती न्यासाच्या नावावर असते. मिशनऱ्यांनी बांधलेल्या मंडळ्यांमध्ये तर हे हमखास आढळते: वापर आणि देखभाल स्थानिक मंडळीची, मालकी दूरच्या न्यासाची. ज्याला त्या मालमत्तेच्या नाशाने आर्थिक तोटा होतो त्यालाच तिचा विमा उतरवता येतो हे विम्याचे मूळ तत्त्व आहे. स्थानिक मंडळीला वापराचा आणि देखभालीचा हितसंबंध असतो, त्यामुळे तिची पॉलिसी निरर्थक ठरते असे नाही. परंतु इमारत पुन्हा बांधण्याएवढ्या रकमेचा धनादेश काढताना कंपनी मालकीचे कागद मागते, आणि त्या क्षणी न्यास व मंडळी यांच्यात पत्रव्यवहार सुरू झाला की महिने जातात. तेव्हा विमाधारक म्हणून न्यासाचे नोंदणीकृत नाव आणि त्याच्या जोडीला मंडळीचे नाव, दोन्ही घालून घ्यावीत, आणि पैसे कोणत्या खात्यात जमा व्हावेत याबद्दल न्यासाचे संमतिपत्र आधीच फाइलला लावून ठेवावे. ज्या मंडळीत दोन गट कोर्टात गेले आहेत तिथे तर हे फारच आवश्यक आहे. सरकारी किंवा कोर्टाच्या आदेशाने मालमत्तेचा ताबा गेल्यामुळे होणारे नुकसान आगीच्या पॉलिसीत येत नाही, हेही अशा मंडळ्यांनी ध्यानात ठेवावे.

आता विमा रकमेकडे येतो, आणि इथे थोडे थांबावे लागेल.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतील एका सकाळी मी अशाच एका जुन्या चर्चमध्ये उभा होतो. वेस्ट्रीतील, म्हणजे पाळकांच्या तयारीच्या खोलीतील, इन्व्हर्टरच्या बॅटरीपासून आग लागून ती छतात चढली होती. छप्पर पेलणाऱ्या सागवानी कैच्यांपैकी दोन पूर्ण जळाल्या होत्या, तिसरी कोळशासारखी काळी पडून अधांतरी लटकत होती, मंगलोरी कौलांचा खच बाकांवर पडला होता, आणि अग्निशमन दलाने मारलेल्या पाण्यात अर्पणाच्या थैल्या तरंगत होत्या. पुलपिट, म्हणजे प्रवचनाचा कठडा, आश्चर्यकारकरीत्या शाबूत होता. खजिनदारांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून पॉलिसी काढून दिली तेव्हा त्यांचा चेहरा बराच निश्चिंत होता, कारण दुरुस्तीचा अंदाज ३८ लाखांचा होता आणि पॉलिसी ६० लाखांची. अडचण अशी की ती संपूर्ण वास्तू तशीच पुन्हा उभी करायची झाली असती तर खर्च १ कोटी ९० लाखांच्या घरात गेला असता. ज्या वास्तूची किंमत १९० आहे तिचा विमा ६० चाच उतरवला, तर उरलेल्या १३० चा धोका मंडळीने स्वतःच पत्करला असे पॉलिसी मानते आणि प्रत्येक नुकसान त्याच प्रमाणात वाटून घेते. याला धंद्यात ‘ॲव्हरेज’ म्हणतात. ३८ लाखांना ६० ने गुणून १९० ने भागले की १२ लाख येतात. तेवढेच मंजूर झाले, आणि अहवालावर सही माझीच होती.

आपल्या ७५ लाखांच्या आकड्याची हीच तपासणी करावी. हा आकडा कोठून आला? बहुधा पूर्वीच्या एखाद्या कमिटीने हप्ता परवडेल अशा बेताने ठरवलेला असतो आणि पुढे कोणी त्याला हात लावलेला नसतो. रेडी रेकनरवरून, म्हणजे मालमत्तेच्या सरकारी दरतक्त्यावरून, काढला असेल तर तोही चुकीचाच, कारण त्यात जमिनीची किंमत मिसळते आणि जमीन जळत नाही. योग्य रीत अशी की जुन्या बांधकामाची माहिती असलेल्या वास्तुविशारदाकडून किंवा मूल्यनिर्धारकाकडून प्रत्येक इमारतीचा पुनर्बांधणी खर्च स्वतंत्रपणे काढून घ्यावा. आरसीसी बांधकामाचा चालू दर घेऊन भागत नाही. घडीव काळा दगड, चुन्यातील बांधकाम, कमानी, सागवानी कैच्या, रंगीत काचांच्या खिडक्या यांना लागणारे कारागीर आणि लाकूड यांचा भाव वेगळाच असतो. तसेच ‘चर्च कंपाउंड, सर्व इमारती व सामान’ अशी एकच गोळाबेरीज न लिहिता उपासनामंदिर, घंटेचा मनोरा, पाळकनिवास, हॉल, बालवाडी, वसतिगृह, कंपाउंडची भिंत आणि फाटक, पाण्याची टाकी व पंप, छतावर सौर पॅनेल असल्यास तेही, असे प्रत्येक ओळीत वेगळे वर्णन व वेगळी रक्कम शेड्यूलमध्ये, म्हणजे पॉलिसीच्या तपशीलपत्रकात, यायला हवी. जे लिहिलेले नाही ते विमाकृत नाही असे समजूनच चालावे.

रक्कम कोणत्या तत्त्वावर आहे हेही तितकेच महत्त्वाचे. बाजारमूल्याच्या तत्त्वावर असेल तर वास्तूच्या वयाचा घसारा वजा होतो, आणि शंभर वर्षांच्या इमारतीचा घसारा किती जबर निघतो ते सांगायला नको. त्यामुळे पुनर्स्थापना मूल्याचे, म्हणजे नव्याने बांधण्याच्या खर्चाचे, कलम घ्यावे. पण त्याच्याही दोन अटी आहेत ज्या विकताना क्वचितच सांगितल्या जातात. पहिली अशी की प्रत्यक्ष पुनर्बांधणीचा खर्च होईपर्यंत कंपनी घसारा वजा करूनच रक्कम देते. म्हणजे मधल्या काळासाठी पैसा मंडळीलाच उभा करावा लागतो. दुसरी अशी की प्रचलित मजकुरानुसार पुनर्बांधणी नुकसानीपासून १२ महिन्यांत पूर्ण व्हावी लागते. न्यासाची मंजुरी, धर्मादाय आयुक्तांकडील काही परवानगी लागणार असेल तर ती, वास्तू वारसा यादीत असेल तर तिथली संमती, आणि मग सुतार शोधणे. १२ महिने कधी सरतात कळत नाही. मुदतवाढीचे पत्र मुदत संपण्यापूर्वी लेखी द्यावे आणि कंपनीचे उत्तरही लेखीच घ्यावे.

पॉलिसीच्या प्रकाराविषयी. १ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने आगीच्या विम्याचे तीन प्रमाणित प्रकार आणले: घरांसाठी भारत गृह रक्षा, एका ठिकाणची एकूण जोखीम ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, आणि ५ ते ५० कोटींसाठी भारत लघु उद्यम सुरक्षा. नावात ‘उद्यम’ पाहून पाळकसाहेब दचकतात, पण धर्मस्थळांचा विमाही याच मजकुरावर उतरवला जातो. आपल्या वर्णनावरून आपली वास्तू सूक्ष्म उद्यमच्या मर्यादेत बसावी. पुनर्मूल्यांकनानंतर आकडा ५ कोटींपलीकडे गेला तर लघु उद्यम. या मजकुरात आग, वीज, वादळ, पूर आणि दंगल यांच्यासोबत भूकंपही मुळातच येतो, जो जुन्या पॉलिसीत स्वतंत्र हप्ता भरून घ्यावा लागे आणि म्हणून हमखास गाळला जाई. किल्लारीचा १९९३ चा भूकंप ज्यांनी पाहिला त्यांना जाड दगडी भिंतींचे काय होते ते समजावून सांगावे लागणार नाही. शिवाय विमा रकमेतील १५ टक्क्यांपर्यंतची कमतरता यात माफ असते; वर सांगितलेल्या चर्चची कमतरता ६८ टक्के होती, तिला या माफीचा काहीही उपयोग नव्हता. दहशतवादी कृत्यांचे संरक्षण शेड्यूलमध्ये स्पष्ट लिहिले आहे का ते मात्र पाहून घ्यावे. कोकण किनाऱ्याजवळच्या मंडळ्यांनी वादळाचे कलम बारकाईने वाचावे. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळाने रायगडात पत्र्यांची आणि कौलांची जी दैना केली तिच्यानंतर हे कलम नुसते असून चालत नाही, किती रक्कम स्वतः सोसायची आहे हेही माहीत असावे लागते.

पाळकनिवास ही निवासी वास्तू असल्याने तिच्यासाठी गृह रक्षा पॉलिसी मिळते का ते कंपनीला विचारावे. तिच्यात कमी रकमेचा विमा उतरवल्याबद्दलची कपात मुळीच नाही. मात्र निवासातील फ्रीज, कपाटे, पाळकसाहेबांच्या मुलाचा संगणक या वस्तू मंडळीच्या नाहीत. त्यांचा विमा त्यांच्या नावाने त्यांनीच घ्यायचा असतो, आणि बदलीवर आलेल्या पाळकांना हे कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता त्या बंद वसतिगृहाविषयी, कारण आपण ते प्रश्नात जाता जाता लिहिले आहे आणि मला तिथेच सर्वांत मोठा धोका दिसतो. प्रचलित आगीच्या पॉलिसीत अट असते की इमारत सलग ३० दिवसांहून अधिक काळ वापराविना राहिली, तर कंपनीने तत्पूर्वी लेखी मान्यता दिल्याखेरीज त्या इमारतीचे संरक्षण थांबते. म्हणजे आपण कित्येक वर्षे ज्या इमारतीचा हप्ता भरत आहात तिचा विमा कदाचित केवळ कागदावरच आहे. कंपनीला इमारत बंद असल्याचे लेखी कळवून तशी एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीला जोडलेली लेखी नोंद, घ्यावी, किंवा ती यादीतून काढून वाचलेली रक्कम उपासनामंदिराच्या आकड्यात घालावी. माझ्या मते दुसरा मार्ग बरा, पण वसतिगृहाचे छप्पर मंदिराला लागून असेल तर पहिला. महिन्यातून एकदाच उपासना होणारी खेड्यांतील छोटी प्रार्थनामंदिरेही याच कात्रीत सापडतात. तसेच हॉल लग्नकार्यांना भाड्याने देत असाल, कंपाउंडला लागून दोन गाळे काढले असतील, तर तेही प्रस्तावपत्रात सांगावे. लपवलेली गोष्ट सर्वेयरला पहिल्याच भेटीत दिसते; गाळ्यावर पाटी असते.

सामानाच्या बाबतीत छापील मजकुरातील वगळलेल्या गोष्टी वाचाव्यात. जुन्या प्रमाणित पॉलिसीत कलाकृती व दुर्मीळ वस्तू १०,००० रुपयांपलीकडे येत नसत, आणि हस्तलिखिते, दस्तऐवज, नाणी, नोटा तर स्वतंत्रपणे नमूद केल्याखेरीज येतच नसत. आपली कंपनी आज कोणता मजकूर देते ते पाहून वेदीवरचे कोरीवकाम, चांदीचे प्रभुभोजनाचे प्याले, जुना पाइप-ऑर्गन असल्यास तो, यांची छायाचित्रांसह यादी आणि प्रत्येकाचे मान्य मूल्य आधीच ठरवून घ्यावे. घंटेला भंगाराचा भाव लावू नये. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसईहून आणलेल्या पोर्तुगीज घंटा आजही महाराष्ट्रातल्या देवळांत वाजतात, नाशिकच्या नारोशंकराच्या घंटेवर १७२१ हे साल कोरलेले आहे. ओतीव घंटेचे आयुष्य किती असते त्याचा हा हिशेब, आणि नवी ओतून घेऊन मनोऱ्यावर चढवण्याचा खर्च धातूच्या वजनावरून कळत नाही. बाप्तिस्मा आणि विवाहाच्या नोंदवह्यांचे मात्र पैशात मोल करता येत नाही. त्या स्कॅन करून एक प्रत कंपाउंडबाहेर ठेवणे हाच त्यांचा विमा.

शॉर्ट सर्किटबद्दल एक गैरसमज सार्वत्रिक आहे. ॲम्प्लिफायरमध्ये शॉर्ट होऊन आग पसरली तर पसरलेल्या आगीचे नुकसान मिळते, पण ज्या यंत्रात शॉर्ट झाला ते यंत्र आगीच्या पॉलिसीत सहसा मिळत नाही. ध्वनियंत्रणा, प्रोजेक्टर, कीबोर्ड, इन्व्हर्टर यांची किंमत आता काही लाखांवर गेली असेल तर त्यांच्यासाठी इलेक्ट्रॉनिक उपकरणांची स्वतंत्र पॉलिसी घ्यावी. आणि नाताळात गव्हाणीच्या गवतावर स्वस्त लाइटच्या माळा सोडण्यापूर्वी परवानाधारक तारतंत्र्याकडून वायरिंग तपासून त्याचा दाखला फाइलला ठेवावा. पॉलिसीत वाजवी काळजी घेण्याची अट असते, आणि तो दाखला तिथे कामी येतो.

चोरीच्या पॉलिसीत ‘बर्गलरी’ या शब्दाला ठरावीक अर्थ आहे. आत शिरताना किंवा बाहेर पडताना बळाचा वापर झाला पाहिजे, कुलूप किंवा गज तुटला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदनलाल प्रकरणात हाच अर्थ कायम केला. चर्चचे दार दिवसभर उघडे असते, कोणी दुपारी येऊन पितळी समया किंवा माइक पिशवीत घालून नेले तर साध्या बर्गलरी पॉलिसीत ते बसत नाही. म्हणून साध्या चोरीचे वाढीव संरक्षण मागून घ्यावे. रविवारच्या अर्पणाचा प्रश्न वेगळा. ते रविवारी मोजले जाते, बँक सोमवारी उघडते आणि मधली रात्र पैसे वेस्ट्रीतील लोखंडी कपाटात असतात. रोख रकमेच्या विम्याला, म्हणजे मनी पॉलिसीला, तिजोरी लागते, कपाट चालत नाही; आणि किल्ली त्याच खोलीतील खिळ्याला टांगलेली आढळली तर दावा तिथेच संपतो. हंगामाच्या सणाच्या लिलावाची आणि नाताळच्या अर्पणाची रक्कम नेहमीपेक्षा बरीच मोठी असते, तेव्हा मर्यादा सरासरी रविवारवरून न ठरवता त्या दोन दिवसांवरून ठरवावी.

याच ओघात एक नाजूक गोष्ट. अपहाराविरुद्धच्या फिडेलिटी गॅरंटी पॉलिसीत ‘कर्मचारी’ येतात. आपले खजिनदार मानधनाविना काम करणारे, सभेने निवडलेले पदाधिकारी आहेत. ते कर्मचारी नव्हेत. पदाधिकारी आणि स्वयंसेवक यांचा नावाने किंवा पदाने समावेश करून घेतला नाही, तर ज्या व्यक्तीच्या हातात सर्व पैसा असतो तिच्यापुरती ही पॉलिसी रिकामीच राहते. खजिनदारांना याचे वाईट वाटू शकते. त्यांना सांगावे की पॉलिसी पदासाठी आहे.

तृतीय पक्षाच्या दायित्वाचा विमा, म्हणजे पब्लिक लायबिलिटी, आपल्याकडे जवळजवळ कोणत्याच मंडळीकडे नसतो, आणि आपण नव्याने एकच पॉलिसी घेणार असाल तर ती ही असावी असे मी म्हणेन. १९९१ च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याची सक्ती घातक पदार्थ हाताळणाऱ्यांना आहे, चर्चला नाही. म्हणून कोणी विचारत नाही. पण नाताळच्या रात्री गच्चीवर चढलेली मुले, कन्व्हेन्शनचा, म्हणजे मोठ्या धर्मसभेचा, वाऱ्यात उडालेला मंडप, प्रेमभोजनातील बिर्याणीने दवाखान्यात गेलेली साठ माणसे, मनोऱ्यावरून निखळून रस्त्यावरच्या मोटारसायकलस्वारावर पडलेला दगड, यांतील प्रत्येक प्रसंगी नुकसानभरपाईचा दावा न्यासावर येतो आणि वकिलाचा खर्चही मागोमाग येतो. या पॉलिसीत दोन मर्यादा असतात, एका अपघाताची आणि वर्षभराची एकूण. अन्नपदार्थांमुळे होणारी बाधा, तात्पुरते मंडप व व्यासपीठ, आणि नैसर्गिक आपत्तीतून उद्भवणारे दायित्व ही वाढीव कलमे मागून घ्यावी लागतात. याशिवाय मंडळीचे सभासद आणि स्वयंसेवक हे ‘तृतीय पक्ष’ धरले जातील असे कंपनीकडून लिहून घ्यावे, कारण उपासनेला येणारे शंभरातले नव्वद जण सभासदच असतात आणि ऐन वेळी यावरच वाद निघतो. मंडप कंत्राटदाराकडेही त्याच्या विम्याची प्रत मागावी. तो प्रथम हसेल, तरी मागावी. बालवाडी आणि संडे स्कूलच्या मुलांसाठी सामूहिक अपघात विमा स्वस्त असतो, तो घ्यावा. लहान मुलांवरील लैंगिक गुन्ह्यांच्या बाबतीत मात्र कोणताही विमा ढाल होऊ शकत नाही. पॉक्सो कायद्याखाली पोलिसांना कळवण्याचे कर्तव्य टाळता येत नाही, आणि ते कमिटीच्या बैठकीत ‘आपसात’ मिटवण्याचे प्रकरण नाही.

रखवालदार, सफाई करणारी बाई, वाहनचालक, पगारी ऑर्गनवादक यांच्यासाठी कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी लागते. ही जबाबदारी १९२३ च्या कायद्यातून आलेली असून आता सामाजिक सुरक्षा संहितेत सामावलेली आहे. आकडा किती होतो ते पाहा: ४० वर्षांचा, दरमहा १५,००० रुपये पगाराचा रखवालदार कामावर असताना मनोऱ्यावरून पडून दगावला, तर जुन्या कायद्याच्या कोष्टकाने निम्मा पगार ७,५०० गुणिले १८४.१७, म्हणजे १३,८१,२७५ रुपये होतात. कित्येक मंडळ्यांचे वर्षाचे अंदाजपत्रकही एवढे नसते. रंगरंगोटी किंवा छपराचे काम काढाल तेव्हा कंत्राटदाराच्या मजुरांचाही विमा तपासावा, आणि काम मोठे असेल तर त्या कामापुरती, बांधकामातील जोखमींसाठी असलेली कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क पॉलिसी त्याला घ्यायला लावावी.

वाहन असल्यास एवढेच, की ते न्यासाच्या नावावर असेल तर मालक-चालकाचा सक्तीचा १५ लाखांचा अपघात विमा तिथे लागू होत नाही, कारण न्यास गाडी चालवत नाही. पगारी चालक आणि प्रवासी यांचे संरक्षण वेगळे घ्यावे.

एजंटाच्या ‘सगळे काही येते’ या पॅकेजबद्दल. आपल्या मंडळीतील परदेशस्थ नातेवाईक सांगत असतील की तिकडे चर्चसाठीच खास विमा कंपन्या आहेत. ते खरे आहे; इंग्लंडात एक्लिझिॲस्टिकल १८८७ पासून आणि अमेरिकेत चर्च म्युच्युअल १८९७ पासून हेच काम करीत आहे. आपल्याकडे तशी तयार शाल मिळत नाही, गोधडी शिवावी लागते. पॅकेज म्हणजे वर सांगितलेल्याच पॉलिसींचे तुकडे एका पुठ्ठ्यात बांधलेले असतात, त्यात वाईट काही नाही, परंतु कोणता तुकडा किती रकमेचा आहे हे त्याच्याकडून कागदावर घ्यावे. दायित्वाचे कलम ‘आहे’ पण एक लाखाचे आहे, अशी पॅकेजेस मी पाहिली आहेत. एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो, ब्रोकर ग्राहकाचा. एवढ्या मालमत्तेसाठी नियामकाचा परवाना असलेला ब्रोकर नेमणे मला योग्य वाटते. तीन कंपन्यांची दरपत्रके मागवताना इमारतींची यादी, रकमा आणि कलमे तिघांनाही अगदी एकसारखी द्यावीत, नाहीतर तुलना होत नाही. हप्त्यावर १८ टक्के जीएसटी पडतो आणि न्यासाला तो बहुधा परत मिळवता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात करासह आकडा धरावा. पैसा कमी पडला तर मी वस्तूंची पॉलिसी कापेन, दायित्व आणि कर्मचारी यांच्या पॉलिसी ठेवीन. माइक पुन्हा वर्गणी काढून आणता येतो.

दावा नाकारला गेल्यास कोठे जायचे, हे न्यासांच्या बाबतीत थोडे अडचणीचे आहे. विमा लोकपालाची योजना मुख्यतः वैयक्तिक विमाधारक आणि अगदी लहान उद्योगांसाठी आहे. ग्राहक आयोगांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये प्रतिभा प्रतिष्ठान प्रकरणात न्यास हा १९८६ च्या कायद्यातील ‘व्यक्ती’ नाही असे म्हटले होते. २०१९ च्या नव्या कायद्यातील व्याख्या अधिक विस्तृत आहे, तेव्हा या मुद्द्यावर वकिलाचा सल्ला घेऊनच पाऊल टाकावे. दिवाणी न्यायालयाचा मार्ग खुला असतो, पण तो लांबचा. म्हणून घटना घडताच कंपनीला त्याच दिवशी लेखी कळवावे, पोलिसांचा आणि अग्निशमन दलाचा अहवाल घ्यावा, आणि सर्वेयर येण्यापूर्वी मलबा उचलू नये. रविवारच्या उपासनेसाठी जागा साफ करण्याची घाई समजू शकते. ती उपासना अंगणात घ्यावी.

नूतनीकरणाच्या तारखेबद्दल शेवटचे. विमा अधिनियम, १९३८ च्या कलम ६४ व्हीबीनुसार हप्ता मिळाल्याखेरीज कंपनीची जोखीम सुरूच होत नाही, आणि धनादेश परत गेला तर तीही गेली. अनेक मंडळ्यांच्या पॉलिसी डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात संपतात, कारण कधी काळी कोण्या कमिटीने नाताळच्या अर्पणातून पहिला हप्ता भरलेला असतो. नेमक्या त्याच आठवड्यात सेक्रेटरी कॅरलच्या गाड्यांमागे आणि खजिनदार मंडपवाल्यामागे धावत असतात, आणि मेणबत्त्या वर्षातल्या सर्वांत जास्त पेटलेल्या असतात. आपली तारीख तीच असेल तर कंपनीला सांगून या वर्षी काही महिन्यांची पॉलिसी घ्यावी आणि पुढचे नूतनीकरण वार्षिक सभेनंतरच्या महिन्यात आणावे.